घरच्या फळझाडांसाठी घेतलेला ठिबक संच: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

लातूरमधील आमच्या घराभोवती साधारण दीड हजार चौरस फूट मोकळी जागा आहे. तिथे एक केसर आंबा, एक मोसंबी, एक कागदी लिंबू, दोन डाळिंबे, एक सीताफळ, एक पेरू आणि एक अंजीर अशी आठ झाडे आहेत, आणि लोखंडी मांडवावर चढवलेली एक द्राक्षाची वेल आहे. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, बाकीची गरज बोअर भागवते आणि एप्रिल-मे महिन्यांत बोअरही अर्ध्या तासात धापा टाकू लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात अंगणातल्या झाडांना किती पाणी घालावे हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही. म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी घरगुती बागेसाठी मिळणारा तयार ठिबक संच घेतला. त्यानंतर दोन उन्हाळे, एक पावसाळा आणि एक हिवाळा तो रोज वापरला. घेण्यापूर्वी जी माहिती मला कुठेही सलग मिळाली नाही, ती इथे मांडत आहे.

संचात १६ मिलिमीटरची तीस मीटर मुख्य नळी, बारीक नळ्यांचे एक भेंडोळे, पाणी थेंबाथेंबाने सोडणारे ताशी ४ लिटरचे तीस ड्रीपर, जाळीचा एक छोटा फिल्टर, टी, एल्बो, जॉइनर, शेवटची बुचे आणि नळीला भोक पाडण्याचे पंच होते. त्याला मी २,८५० रुपये मोजले. टायमर वेगळा घेतला. जोडणीला प्लंबरची गरज लागली नाही. मुलीला सोबत घेऊन एका रविवारी सकाळी काम सुरू केले आणि दुपारच्या जेवणापर्यंत शेवटचे बूच बसले. नळी ताठ असल्यामुळे टीवर चढत नसेल, तर तिचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरावे, ती सहज बसते. नळीचा दर्जा चांगला आहे. सोळा महिने ऊन खाऊनही तिला चिरा पडलेल्या नाहीत.

खरी अडचण दाबाची निघाली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ड्रीपरवर लिहिलेला ताशी प्रवाह हा एक किलो दाबाला, म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याला धरलेला असतो. आमचे घर एकमजली असून स्लॅबवरील हजार लिटरच्या टाकीतील पाण्याची पातळी जमिनीपासून जेमतेम चार-साडेचार मीटर उंच आहे. मापाचे भांडे ड्रीपरखाली धरून मी मोजणी केली, तेव्हा दहा मिनिटांत ४०० मिलिलिटर पाणी भरले, म्हणजे ताशी २.४ लिटर. नळीच्या शेवटी असलेल्या अंजिराजवळ तेवढ्याच वेळात ३३० मिलिलिटरच आले. दाब निम्म्याहून कमी असल्यावर प्रवाहही त्या मानाने घटणार, यात संचाचा दोष नाही. तरी पुडक्यावर ४ लिटर वाचून जो माणूस एक तासाची वेळ लावून निश्चिंत होईल, त्याची झाडे मे महिन्यात तहानलेली राहतील. ज्यांची टाकी एकमजली घरावर आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी मापाने मोजून वेळ ठरवावी. दाब सारखा राखणारे महागडे ड्रीपर अशा घरासाठी घेऊ नयेत, कारण किमान दाब मिळाल्याशिवाय ते नीट काम करत नाहीत.

टायमरच्या बाबतीत हीच गोष्ट मला अधिक महाग पडली. पहिला टायमर पडदा उचलून पाणी सोडणाऱ्या प्रकारचा होता. अशा झडपेला नीट मिटण्यासाठीही पाण्याचा दाब लागतो, हे मला ठाऊक नव्हते. मार्चमधील एका रात्री ती अर्धवट मिटली आणि सकाळपर्यंत टाकी तळाला गेली. नळाचे पाणी यायला अजून पाच दिवस होते. पाण्याच्या दाबाबाबत कोणतीही सूचना खोक्यावर नव्हती, आणि विक्रेत्याने वापरलेला माल परत घेण्यास नकार दिला. त्यानंतर घेतलेला टायमर छोट्या मोटरने चेंडूची झडप फिरवतो. तो टाकीच्या अगदी कमी दाबावरही उघडतो आणि पूर्ण बंद होतो. हा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण टाकीवर चालणाऱ्या घरगुती ठिबकासाठी टायमर निवडताना हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

माहितीपत्रकात प्रत्येक झाडाला खोडाजवळ दोन ड्रीपर लावावेत, असे चित्र होते. मी ते प्रमाण मानले. माझे वडील, आबा, औसा तालुक्यातील गावी राहतात. एप्रिलमध्ये ते आले तेव्हा मोसंबीजवळ वाकून त्यांनी ओल्या मातीत बोट घातले आणि म्हणाले, "खोडाला पाणी कशाला घालालास रे? मूळ तिथं न्हाई, फांदीच्या टोकाखाली हाय." मी तेव्हा नळ्या हलवल्या नाहीत. ऑगस्टमध्ये मोसंबीच्या खोडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मधाच्या रंगाचे दोन थेंब दिसले. बोटाला चिकटणारा तो डिंक होता. सालीवर नखाने ओरखडा काढला तर आतला भाग तपकिरी झालेला होता. हा डिंक्या रोग. खोडाभोवती सतत ओल राहिली की मातीतील बुरशी सालीत शिरते, आणि मोसंबी व लिंबू तिला फार लवकर बळी पडतात. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढली आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावली. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण आहे. मला शंभर-शंभर ग्रॅमची पुरली. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, त्यासाठी प्लास्टिकची बादली घ्यावी.

त्याच दिवशी सर्व ड्रीपर खोडापासून हलवले. मोसंबीला दुहेरी आळे केले. आतले आळे खोडाला मातीची भर देऊन कोरडे ठेवले, बाहेरचे फांद्यांच्या घेराखाली ठेवून त्यात चार ड्रीपर सारख्या अंतरावर मांडले. आता आंब्याला सहा, मोसंबी, लिंबू आणि पेरूला प्रत्येकी चार, अंजीर आणि वेलीला तीन-तीन, डाळिंबांना आणि सीताफळाला दोन-दोन, असे तीसही ड्रीपर कामी आले आहेत. झाडाचा घेर वाढेल तसे ते दरवर्षी बाहेर सरकवावे लागतात. मोसंबीचा डिंक थांबला आहे. ज्या बाजूला साल गेली होती, तिथे कडेने नवी साल चढू लागली आहे.

जमिनीचाही विचार करावा लागतो. आमच्या घराच्या पुढच्या बाजूला बांधकामाच्या वेळी मुरूम भरलेला आहे आणि मागची बाजू मूळची काळी आहे. काळ्या मातीत ड्रीपरखालची ओल परातीसारखी आडवी पसरते, मुरमात मात्र ती अरुंद राहून सरळ खाली उतरते. म्हणून पुढच्या अंगणातील पेरूला चार ड्रीपर कमी पडतात की काय असे वाटते, तर मागच्या आंब्याला सहांतही सगळीकडे ओल मिळते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की थेंब भेगेतून थेट खाली जातो आणि वरची मुळे कोरडीच राहतात. त्यावर उपाय म्हणजे जमीन भेगाळूच न देणे. गावाहून आणलेली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा, मी चार बोटे जाडीने आळ्यात पसरतो. लातूरकडे ती मिळायला अडचण नाही. खोडाला मात्र ती टेकू देऊ नये, वाळवी चढते.

आता बोअरच्या पाण्याविषयी. ज्यांच्या चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, त्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. बसवल्यापासून तीन महिन्यांत माझे अकरा ड्रीपर जवळजवळ बंद पडले होते. एक ड्रीपर उघडून तळहातावर घेतला. आतल्या नागमोडी वाटेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे खडे साचले होते आणि बाहेरच्या तोंडावर चुन्याची कडा धरली होती. पाणी जड असल्याने त्यातील क्षार उन्हात थेंब सुकताना तिथेच राहतात. किराणा दुकानातून आणलेले लिंबूसत्त्व, एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे, एवढे विरघळवून मी ते ड्रीपर रात्रभर त्यात बुडवले. टाकताक्षणी बारीक बुडबुडे सुटू लागले आणि सकाळी हलवले तेव्हा खडे गळून पडले होते. अकरापैकी नऊ पूर्ववत झाले, दोन टाकून द्यावे लागले. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी हे काम करतो. उघडता न येणारे ड्रीपर याच कारणासाठी घेऊ नयेत.

फिल्टर आठवड्यातून एकदा धुवावा लागतो आणि महिन्यातून एकदा नळीच्या टोकाचे बूच काढून पाणी वाहू द्यावे लागते. पहिले दोन तांबे पाणी गढूळ, विटकरी येते, मग स्वच्छ होते. हे पाहिले की आपण ड्रीपरमधून काय पाठवत होतो ते समजते. संच घेणाऱ्याने आठवड्याची दहा मिनिटे आणि दोन महिन्यांतून एक रविवार त्यासाठी राखूनच ठेवावा. पाणी घालण्याचे कष्ट वाचतात ते असे दुसरीकडे थोडे परत द्यावे लागतात.

याच चुनखडीयुक्त पाण्यामुळे लिंबाची कोवळी पाने पिवळी पडली, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहिल्या. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. ड्रीपर रोज थोडे-थोडे पाणी देत असल्याने त्या भागातील माती सदैव ओली राहते आणि त्रास वाढतो. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, अशी संध्याकाळची फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा केली आणि पाणी रोजऐवजी दिवसाआड केले. नवी फूट हिरवी आली.

या संचाविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार अशी की तो सर्व झाडांना एकसारखे मानतो. एकच मुख्य नळी, एकच टायमर, सगळ्यांना एकाच वेळी पाणी. फळझाडाला जितके पाणी देणे महत्त्वाचे, तितकेच ठराविक काळी ते तोडणेही महत्त्वाचे असते, आणि प्रत्येक झाडाचा तो काळ वेगळा असतो. मोसंबीचा आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुले, धरायचा तर डिसेंबरपासून ताण द्यावा, म्हणजे पाणी तोडावे लागते. हा ताण हलक्या जमिनीत महिनाभर पुरतो, भारी जमिनीत त्याहून बराच जास्त. आंब्याला मोहोर येईपर्यंत पाणी तोडून फळे वाटाण्याएवढी झाल्यावर सुरू करायचे. सीताफळ उन्हाळ्यात पानगळ होऊन विश्रांती घेते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रातून आणलेल्या त्या रोपाला मी पहिल्या उन्हाळ्यात रोज पाणी दिले तेव्हा आबा म्हणाले, "बालाघाटच्या डोंगरावर सीताफळाला कोन पाणी घालतंय?" आणि द्राक्षाचे तर वेळापत्रकच निराळे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या आखूड कापल्यावर, फुटीसाठी भरपूर पाणी लागते, पुढे दीड-दोन महिन्यांनी काडीतल्या डोळ्यांत घड तयार होत असताना ते कमी करावे लागते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुन्हा वाढवावे लागते.

पहिल्या डिसेंबरपूर्वी हे सगळे एकाच टायमरवर कसे जमवायचे, याचा मी बराच विचार केला आणि शेवटी प्रत्येक झाडाच्या फाट्यावर एक छोटा कॉक बसवला. नऊ कॉक सव्वादोनशे रुपयांत आले. संच बनवणाऱ्यांनी हे आधीच त्यात द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक कॉकवर ऑइलपेंटने झाडाचे नाव लिहिले असून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कोणता कधी बंद करायचा आणि कधी उघडायचा, याची नोंद असते. मोसंबीचा कॉक १५ डिसेंबरला बंद केला. पाने किंचित मलूल होऊन काही गळू लागली, तेव्हा जानेवारीच्या शेवटी आळ्यात शेणखत घालून आधी हलके, मग पूर्ण पाणी सुरू केले. फेब्रुवारीत झाड फुलांनी भरले. आदल्या वर्षी, रोज पाणी मिळत असताना, त्याच झाडाला मोजकी फुले आली होती.

टायमरवर विसंबून राहिल्याची किंमत डाळिंबांनी चुकवली. दिवाळीला आम्ही सहा दिवस गावी गेलो आणि नेमके तेव्हा टायमरचे सेल संपले. सेल कमी झाल्याची खूण लहानशा पडद्यावर उमटते, ती आम्ही निघताना पाहिली नव्हती. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची, फळे रंगावर आली होती. परतल्यावर वाळलेली माती पाहून जीव कळवळला आणि मी पाइप धरून दोन्ही झाडांना भरपूर पाणी पाजले. तीच चूक झाली. कोरड्या जमिनीत एकदम पाणी मिळाले की दाणे फुगतात आणि ताठ झालेली साल त्यांना जागा देऊ शकत नाही. तिसऱ्या दिवशी एकोणीसपैकी सात फळे देठापासून उभी तडकली होती आणि भेगांत मुंग्या लागल्या होत्या. अशा वेळी थोडे-थोडे करत चार-पाच दिवसांत नेहमीच्या पाण्यावर यायला हवे होते. आता सेल दर तीन महिन्यांनी, संपण्याची वाट न पाहता बदलतो.

पाण्याचा हिशेब टाकीवरच्या खुणांवरून ठेवला आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाइपने दिवसाआड सुमारे ५०० लिटर, म्हणजे रोजचे २५० लिटर लागत. आता तीस ड्रीपर रोज पहाटे दोन तास चालतात आणि १४० ते १४५ लिटर लागतात. म्हणजे बचत चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आठवड्याच्या नळाच्या पाण्यात बाग निभते आणि बोअरवरचा भार बराच उतरला आहे. वेळ ठरवण्यासाठी आंब्याचे उदाहरण घेतो. त्याचा घेर अडीच मीटर व्यासाचा, म्हणजे सावली सुमारे पाच चौरस मीटर. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडते, म्हणजे तेवढ्या क्षेत्रावरून पन्नास लिटर. झाडाची गरज त्याच्या साधारण निम्मी धरली तर पंचवीस लिटर होतात, आणि सहा ड्रीपर दोन तासांत त्याहून थोडे अधिकच देतात.

पावसाळ्यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठिबकाच्या ओलीच्या कडेला उन्हाळाभर क्षार साचत जातात, तिथे मातीवर पांढरट वर्तुळ दिसते. जूनमधील पहिल्या हलक्या सरी ते क्षार मुळांकडे ढकलतात. म्हणून पहिला पाऊस पडताच ठिबक बंद न करता त्या सरींच्या वेळीही चालू ठेवावे आणि जमीन भिजवणारा मोठा पाऊस झाल्यावरच थांबवावे. पुढे पावसात खंड पडला तर पुन्हा सुरू करावे लागते, आणि मराठवाड्यात खंड पडतोच.

खारींनी एप्रिलमध्ये नळी चार ठिकाणी कुरतडली. त्या तहानेने येत असाव्यात, कारण भिंतीकडेला पाण्याचे मातीचे परळ ठेवल्यापासून एकदाच जॉइनर लावावा लागला.

टायमर, कॉक, जादा ड्रीपर आणि जॉइनर धरून माझा एकूण खर्च साडेसहा हजारांच्या घरात गेला. त्यात पहिल्या टायमरचे वाया गेलेले पैसेही आले. ज्यांच्याकडे चार-पाच झाडे आहेत आणि रोज कोणीतरी घरी असते, त्यांनी एवढा खर्च करू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्यासाठी घेराखाली पुरलेले मडके पुरेसे आहे, आबांनी गावी दोन आंबे तसेच वाढवले. आठ-दहा झाडे असतील, पाणी मोजून मिळत असेल आणि आठवड्याला दहा मिनिटे फिल्टरसाठी काढता येत असतील, तर संच अवश्य घ्यावा. मात्र कॉक पहिल्याच दिवशी बसवावेत आणि ड्रीपर खोडापासून दूर ठेवावेत.

येत्या पावसाळ्याआधी आंब्याभोवती नळीचे दुसरे कडे टाकायचे आहे, त्यासाठी दहा ड्रीपर मागवले आहेत. द्राक्षाला या वर्षी पहिल्यांदा अकरा घड आले. फेब्रुवारीच्या शेवटी बुलबुलांपासून वाचवण्यासाठी त्यांना कागदी पिशव्या बांधाव्या लागल्या. वेलीची खरड छाटणी झाली आहे, फुटी हातभर वाढल्या आहेत आणि तिचा कॉक पूर्ण उघडा आहे. सीताफळाचा बंद आहे. मोसंबीवर या घडीला लिंबाएवढी चौतीस फळे आहेत, आणि सकाळी फिल्टर धुऊन झाला की मुलगी ती एकदा मोजून येते.